गोविंदशास्त्रींची मान

माझ्या व्यवसायाचे नाव ऐकले की समोरचा माणूस प्रथम स्वतःच्या गळ्याला हात लावीत असे. “गळ्याची सोनोग्राफी म्हणजे थायरॉइडची ना?” मी सांगे, तसे नव्हे, गळ्यातून ज्या वाटांनी रक्त मेंदूकडे चढते, त्या वाटांची तपासणी. मग तो हात गळ्यावरून निघून डोक्याशी जाई. या दोन स्थानांमधले अंतर वीतभरही नाही. माझे सारे कार्यजीवन त्या वीतभरात गेले, आणि त्याबद्दल ईश्वराकडे माझी काही तक्रार नाही.

धंतोलीतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझी खोली होती. पडदे ओढलेले, दिवा मंद, आणि तपासणीपुरता कूलर बंद. कारण मला ऐकायचे असे. रुग्णाला उताणे निजवायचे, उशी खांद्यांखाली सरकवायची, मान किंचित एका बाजूला वळवायची आणि यंत्राच्या टोकाला जेली लावून ते टोक त्वचेवर अलगद टेकवायचे. नागपूरच्या वैशाखातसुद्धा त्या गार जेलीने माणूस दचके. “साहेब, हे जरा गरम करून ठेवत जा ना जी,” असे मला इतक्या जणांनी सुचवले की अखेर मी ती बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवू लागलो. माझ्या हातून झालेली सर्वांत लोकप्रिय सुधारणा तीच असावी.

पडद्यावर प्रथम नाडी दिसे: दोन समांतर रेघा आणि त्यांमध्ये स्पंदणारा काळोख. मग एक कळ दाबली की वाहणाऱ्या रक्ताचा वेग ध्वनिरूपाने ऐकू येई. निरोगी नाडीचा आवाज झाडावरून वारा गेल्यासारखा मऊ असतो. नाडी अरुंद झाली की तोच आवाज उंच व कर्कश होतो, शिट्टीसारखा. जरीपटक्यातले एक कापडाचे व्यापारी आपल्या नाडीची ती शिट्टी ऐकून उठून बसू लागले. “डॉक्टरसाब, नस तो बंद हो रही है, फिर इतना चिल्लाती क्यों है?”

मी म्हणालो, “वाट अरुंद झाली की गर्दीचा आवाज वाढतोच.”

“म्हणजे आमच्या मार्केटसारखंच झालं म्हणा की,” ते म्हणाले, आणि समाधानाने पुन्हा आडवे झाले. पुढे शस्त्रक्रियेलाही ते त्याच समाधानाने गेले.

मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य नाड्या चार. दोन पुढून, गळ्याच्या दोन्ही बाजूंना, बोटाला जाणवणाऱ्या. त्या जबड्याच्या किंचित खाली दुभंगतात. ज्यांनी पाटाचे पाणी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की पाटाला फाटा फुटतो तिथे एका कडेला पाणी घुटमळते आणि गाळ बसतो. नाडीचेही तसेच आहे. रक्त सरळ, वेगाने घासत जाते तो भाग पुष्कळदा स्वच्छ राहतो. फाट्यापाशी जिथे त्याला भोवरा पडतो आणि भिंतीवरचा त्याचा स्पर्श मंदावतो, तिथे मेद साचू लागतो. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांनी तो वाढतो. पण जागा ठरवतो तो प्रवाह. शरीरातल्या या साध्या जलशास्त्राकडे मी नेहमी हात जोडूनच पाहिले.

उरलेल्या दोन नाड्या मागून, पाठीच्या बाजूने चढतात. मानेच्या मणक्यांना दोन्ही अंगांना छोटी भोके असतात. ओवलेल्या दोऱ्यासारख्या या नाड्या त्यांतून वर जातात. सर्वांत वरच्या मणक्याभोवती वेढा घेऊन त्या कवटीत शिरतात. मान वळली की त्या ताणल्या जातात, आणि त्यांचा स्वभाव सोशिक असल्यामुळे आयुष्यभर तो ताण सोसतात. मात्र मान जोराने, अचानक, वळण्याच्या मर्यादेपलीकडे फिरवली तर क्वचित त्यांचे आतले अस्तर चिरते. त्या चिरेत रक्त शिरते, गुठळी बनते, आणि गुठळीचा एखादा कण वर मेंदूत जाऊन अडकतो. यालाच लोक लकवा म्हणतात. चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसालाही तो अशा रीतीने होऊ शकतो.

“होऊ शकतो.” माझ्या व्यवसायाने मला दिलेले हे सर्वांत कठीण क्रियापद आहे. असंख्य माणसे कटकन वाजवून मान मोडून घेतात आणि हसत घरी जातात. मिहानमध्ये संगणकाचे काम करणारा एक तरुण माझ्यासमोर बसल्या बसल्या हनुवटी धरून मान वळवी आणि म्हणे, “सर, कट्ट झालं की डोकं क्लिअर होतं.” त्याच्या चारही नाड्या उत्तम होत्या. दुसऱ्या कोणाच्या तशा नसतीलही. कोणाच्या नाडीचे अस्तर जन्मतःच नाजूक आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून मी त्या तरुणाला रागावलो नाही, इतकेच म्हणालो, “मान ही कडी नव्हे, बाबा. ती वाजवून पाहू नये.”

आता गोविंदाविषयी लिहितो. खरे तर त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते. शाळेत जाण्यापूर्वी सकाळी नागपूरच्या महाल भागातल्या पाठशाळेत जाऊन संथा घ्यायची, हा त्यांचा दंडक. तिथे माझ्या शेजारी बसत असे गोविंद. आमच्या शाखेत वेद शिकवताना स्वर मानेने शिकवतात. अनुदात्ताला मस्तक खाली, स्वरिताला वर, उदात्ताला सरळ. लहान मुलाला हे आपोआप जमत नाही, म्हणून गुरुजी मागे बसून आपला तळहात मुलाच्या मानेवर ठेवीत आणि तिला हलकेच वाकवीत, उचलीत. त्या हातात कधी हिसका नसे. पोथी समोर नसे. ऋचा कानाने आत जात असे आणि मानेत राहत असे. आम्हांला एखादे पद आठवले नाही की गुरुजी शब्द सांगत नसत, फक्त मान त्या दिशेने झुकवीत. आणि शब्द येई.

मी पुढे वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. गोविंद राहिला. तो घनपाठापर्यंत, म्हणजे वेदपठणाच्या सर्वांत अवघड प्रकारापर्यंत, शिकला आणि गोविंदशास्त्री झाला. त्याच्या तोंडी माझे नाव श्रीधर असे क्वचितच असे. मी त्याचा ‘पळपुट्या’ होतो. “काय रे पळपुट्या, आज किती माना मोजल्यास?” असे तो भर लग्नमंडपातही विचारी.

“तुझ्यासारखी एकही भेटली नाही,” मी म्हणे.

“भेटणार कशी? माझ्या मानेत संहिता आहे. तुझ्या यंत्रात ती दिसायची नाही.”

दर श्रावणात तो महालातल्या एका शिवमंदिरात संहितेचे पारायण करी. मी सकाळचे रुग्ण पुढे ढकलून मागच्या खांबाशी जाऊन बसे. त्याचा स्वर मंद्र होता, पण स्वरिताला तो असा सहज वर जाई की ऐकणाऱ्याचीही हनुवटी उचलली जावी. मला बहुतेक सारे विसरायला झाले होते. तरी त्याच्या मागे बसून माझी मान नकळत त्याच्याबरोबर चाले. सोडून आलेल्या घराच्या अंगणात वर्षातून काही दिवस उभे राहू द्यावे, तसे ते मला वाटे.

पारायणाच्या आधी गोविंद क्षौर करवून घेई. गजूभाऊ नावाचे नाभिक त्याच्या घरी येत. त्यांच्या वडिलांनी आमच्या गुरुजींचे क्षौर केले होते. शेंडी राखून डोके झाले की गजूभाऊ तिळाचे तेल चोळीत, आणि शेवटी हनुवटी एका हातात व डोक्याचा मागचा भाग दुसऱ्या हातात धरून मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, झटक्याने फिरवीत. दोन्हीकडे ‘कडाड’ वाजले पाहिजे, असा नेम. दिवसचे दिवस मान हलवून म्हणायचे, तर ती आधी मोकळी केलेली बरी, ही आमच्या पाठशाळेतली पिढ्यांची समजूत. तबलजीने तबला ठोकून घ्यावा, तसे वैदिकाने मान मोडून घ्यायची. त्यात कोणाला कधी वावगे वाटले नाही.

माझ्या निवृत्तीच्या आधीचा तो श्रावण. क्षौराच्या दुसऱ्या दिवसापासून गोविंदाची मान उजवीकडे मागून दुखू लागली. तशी ती पूर्वी कधी दुखली नव्हती, हे त्याने मला नंतर सांगितले. त्या वेळी तेल आणि शेक झाला, आणि पारायण सुरू राहिले. मी त्या दिवसांत मुलीकडे पुण्याला गेलो होतो. परत आलो त्या सकाळी सुमतीवहिनींचा, म्हणजे गोविंदाच्या पत्नीचा, फोन आला.

“भाऊजी, ह्यांचा आवाज पार बसला हो. काल संध्याकाळपासून. ज्येष्ठमध दिलं, खडीसाखर दिली. काही उतार नाही.”

“पारायणाने बसला असेल, वहिनी.”

“सगळे तेच म्हणतात. पण उचकीही थांबत नाही ना जी. आणि पाणी पाजलं तर ठसका लागून नाकातून बाहेर येतं. घसा बसला तर पाणी नाकातून येतं का?”

मी चपला घातल्या.

वैदिकाचा आवाज गेला तर जगातला कोणीही तो घसाच बसला असे म्हणेल. त्या घरात आलेल्या प्रत्येकाने तेच म्हटले होते. कोणी मधाची बाटली आणली होती, कोणी हळदीचे दूध. मी पोचलो तेव्हा गोविंद देवघरासमोर भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून त्याने ओठ हलवले; फुटक्या बासरीतून वारा जावा तसा आवाज आला.

“आलास, पळपुट्या.”

त्याची उजवी पापणी किंचित उतरली होती. “आ कर,” मी म्हणालो. पडजीभ डावीकडे ओढली गेली होती. समोर पूजेचे पंचपात्र होते. त्यात माठाचे गार पाणी घालून मी पळीभर पाणी त्याच्या उजव्या तळहातावर सोडले. “कसे लागते?”

“गार.”

मग डाव्यावर. “हे?”

तो तळहाताकडे पाहत राहिला. “ओलं आहे,” तो म्हणाला. “गार नाही.”

मेंदूच्या देठापाशी, जिथे गिळणे, आवाज आणि तोल यांची व्यवस्था एकत्र नांदते, तिथे रक्त पोचत नसले की असे होते. मला आता मानेचे दुखणे, क्षौर आणि ते ‘कडाड’ एका ओळीत दिसू लागले. मी त्याच्या मुलाला, माधवला, गाडी काढायला सांगितली.

गोविंदाने भिंतीवरून पाठ उचलली नाही. “परवा समाप्ती आहे.”

“परवापर्यंत थांबता येणार नाही.”

“हातावर पाणी घेऊन संकल्प सोडलेला आहे, श्रीधर.” उचकीने त्याचे वाक्य मधेच तुटले. “मनात म्हणेन. पण आसनावरून उठणार नाही. पळून जाणं तुला जमतं. मला नाही.”

मी त्याला नाडी समजावून सांगितली, गुठळी सांगितली, पुढचा झटका श्वासावर येऊ शकतो हेही सांगितले. संकल्पाला प्रतिनिधी चालतो, रुग्णाला नियम शिथिल असतात, ही वचने तो माझ्याहून अधिक जाणत होता. त्याने हात हलवून ती बाजूला केली. माधव रडकुंडीला आला. “बाबा, प्लीज,” एवढेच तो म्हणत राहिला.

तेवढ्यात सुमतीवहिनी पुढे आल्या. पदर खोचलेला, हाताला पीठ. त्या गोविंदासमोर उभ्या राहिल्या.

“संकल्प सोडताना तुमच्या हाताला हात कोणी लावला होता?”

गोविंदाने वर पाहिले.

“मीच ना? मग अर्धा माझा आहे. माझ्या अर्ध्यातून मी म्हणते आहे, उठा. पाप लागलं तर माझ्या वाट्याला लिहा. आणि काहून उगीच भाऊजींना पळपुट्या म्हणता? इथे धावत कोण आलं?”

त्या घरात इतक्या वर्षांत मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. गोविंद उठायला गेला आणि उजवीकडे कलंडला. आम्ही दोघांनी त्याला धरले. मंदिरातले पारायण त्याच्या एका सहाध्याय्याने पूर्ण केले.

रुग्णालयात मोठ्या यंत्रातून चित्र निघाले. सर्वांत वरच्या मणक्यापाशी, जिथे मागची नाडी वेढा घेते, तिथे अस्तराला चीर होती, आणि मेंदूच्या देठाचा लहानसा भाग रक्तावाचून सुकला होता. माझे स्वतःचे यंत्र या जागी आंधळे असते. हाडांच्या आड ते पाहू शकत नाही. मी वर्षानुवर्षे हे रुग्णांना सांगत आलो होतो. गोविंदाच्या बाबतीत मात्र ते मला फार लागले.

गुठळी न होण्याची औषधे सुरू झाली. नाकातून नळी घातली गेली. घोटभर पाणी न ठसकता गिळायला त्याला कित्येक आठवडे लागले. ते शिकवणारी मुलगी त्याला “आजोबा, हनुवटी खाली करून गिळा” म्हणे, आणि तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा ऐके.

त्या दिवसांत एका दुपारी गजूभाऊ माझ्या दवाखान्यात आले. रुग्णांच्या बाकावर न बसता दाराशीच उभे राहिले.

“साहेब, मले खरं सांगा. गुरुजीले लकवा माह्या हातानं झाला काय?”

“बसा, गजूभाऊ.”

“बसत नाही. माह्या बापानं त्यांच्या गुरुजीची मान मोडली, मी यांची मोडून राहिलो. आजवर कोनाले काई झालं नाही. मंग आताच काहून?”

मी त्यांना आत नेले, पडदा ओढला, आणि माझ्याच मानेवर यंत्र लावून नाडी दाखवली. मान वळवल्यावर ती कशी ताणली जाते ते दाखवले. मग म्हणालो, “झटक्याने चिरली असू शकते. आधीपासून नाजूक असेल. कधी कधी नुसत्या जोराच्या खोकल्यानेही चिरते. नक्की तुमच्या हातानेच, असे मी सांगू शकत नाही. तुमच्या हाताने नक्कीच नाही, असेही सांगू शकत नाही.”

“मंग मी काय करू?”

“तेल लावा, चोळा. झटका देऊ नका. कोणालाही.”

“गिऱ्हाईक मांगते ना जी,” ते हताशपणे म्हणाले. “कडाड वाजलं नाही तं म्हंते, गजूभाऊ, पैसे वसूल नाही झाले. समोरच्या सलूनात जाते मंग.”

“जाऊ द्या.”

“जाऊन राहिले,” ते म्हणाले. मी सांगण्यापूर्वीच त्यांनी झटका देणे सोडले होते.

काही महिन्यांनी गोविंदाची पुन्हा तपासणी झाली. चीर भरून आली होती. मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितले, “हळूहळू मान हलवायला हरकत नाही. हिसका नको, ओझे नको.” मला वाटले, संपले. ते तसे संपायचे नव्हते.

गोविंद मान हलवेना. चालताना, जेवताना, हाक मारली तरी तो सगळे अंगच वळवी. माणसे त्याला भेटायला येत आणि सांत्वन म्हणून विचारीत, “गुरुजी, इतकी वर्षे मान हलवल्यामुळेच झाले ना हे?” हा प्रश्न त्याला आतून खात होता. एकदा आम्ही दोघेच असताना त्याने तो मलाही विचारला. आवाज घोगरा झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

“श्रीधर, वेदाने केलं का रे हे?”

“तसे मला वाटत नाही. तू हालचाल केलीस, हिसका दिला नाहीस. गुरुजींनी शिकवले ते हळू होते.”

“पण चीर पडल्यावरही मी हलवत राहिलो.”

“हो. त्याने भर पडली असेल, नसेलही.”

“तू एकदा तरी सरळ उत्तर देशील का?”

“माझ्याकडे ते नाही, गोविंदा.”

तो हसला. मग खाली पाहत म्हणाला, “स्थिर बसून म्हणून पाहिलं. पहिली ऋचा येते. दुसरीच्या अर्ध्यात अंधार होतो. मान चालली नाही की पुढचं पद येत नाही. साठ-पासष्ट वर्षांचं साठवलेलं आत आहे, हे कळतं. पण दार उघडत नाही.”

तेव्हा मला समजले की त्याला मरणाचे भय नव्हते. संहिता आपल्याबरोबर मुकी होऊन जाईल, हे त्याचे भय होते. आणि माझे? मला खरे तर स्वतःसाठीच हवे होते. तो खांब, ती सकाळ, वर जाणारा तो स्वरित. वैद्य म्हणून मी त्याच्या गिळण्याची, तोलाची प्रगती मोजत होतो. आणि मनात एकच याचना चालू असे की देवा, याचा आवाज एकदा कानी पडू दे.

आम्ही मग रोज थोडे थोडे केले. मी त्याच्यासमोर बसे, आणि तो श्वासाबरोबर मान बोटभर खाली नेई, बोटभर वर. चक्कर आली तर थांबायचे. त्याचे भय ओसरायला पुष्कळ दिवस गेले. अखेर एका सकाळी त्याने म्हणायला सुरुवात केली. अनुदात्त आला. उदात्त आला. स्वरिताला आवाज चढू लागला, आणि मधेच फुटला.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फुटला. आवाजाच्या एका तारेची शक्ती गेलेली होती. ती आता परतण्याची आशा फारशी नाही, हे मला माहीत होते. त्यालाही कळले असावे.

“राहू दे,” तो म्हणाला. “फुटक्या स्वराने म्हणण्याचा मला अधिकार नाही.”

“देव स्वर मोजतो का?”

“देव नसेल मोजत. गुरुजी मोजायचे.”

त्यानंतर त्याने मोठ्याने वेद म्हटला नाही.

यंदाच्या श्रावणात मंदिरात दुसऱ्या कोणाचे पारायण झाले. मी गेलो नाही. सकाळी गोविंदाकडेच जाऊन बसलो. तो खिडकीशी आसन घालून डोळे मिटून बसला होता. ओठ बंद. घरात फक्त कुकरची शिट्टी आणि बाहेर भाजीवाल्याची आरोळी. मी त्याच्याकडे पाहत होतो, तेव्हा त्याची मान हलली. खाली. सरळ. वर. पुन्हा सरळ. हळू, हिसक्याविना, पण न थांबता. तो म्हणत होता. दार उघडले होते. आवाज मात्र आतच राहिला होता.

माना पाहण्यातच माझा जन्म गेला आहे. थोडा वेळ पाहिल्यावर त्या चढउताराची चाल मला ओळखू आली. आम्ही दोघांनी शेजारी बसून घेतलेल्या पहिल्याच सूक्ताची ती चाल होती. माझ्या जिभेवर पहिला शब्द आला. माझा आवाज सामान्य आहे आणि आता थरथरतोही. तरी मी हलक्या स्वरात त्याच्या मानेच्या चालीमागोमाग म्हणू लागलो. त्याने डोळे उघडले नाहीत. दोन ऋचा झाल्या. तिसरीत त्याची मान एकाएकी थांबली.

मी चुकलो होतो. मी ते पद पुन्हा म्हटले. मान थांबलेलीच. आणखी एकदा, स्वर बदलून. मग ती हलली, आणि आम्ही पुढे गेलो.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. थोड्या वेळाने सुमतीवहिनींचा आवाज आला, “भाऊजी, जरा मोठ्यानं म्हणा ना. मला इथे ऐकू येत नाही.”

मी आवाज चढवला. समोर गोविंदाची मान खाली गेली, सरळ झाली आणि सावकाश वर उचलली गेली.